वाचलेलें, चाललेलें आणि राहिलेलें

मागील महिन्यांत एका स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला असतां त्यांनीं चहाचा पेला पुढें ठेवतां ठेवतां आम्हांस सहज विचारलें, "सध्यां काय वाचन चाललें आहे?" प्रश्न अगदीं साधा, सुशिक्षित मंडळी एकत्र जमली म्हणजे हवापाण्याच्या खालोखाल तोच विचारला जातो. परंतु उत्तर देतांना आम्ही अडखळलों. जें पुस्तक हातीं होतें तें निम्मेंहि वाचून झालें नव्हतें. जें नुकतें संपविलें होतें त्याचें नांव 'सध्यां' या शब्दांत बसेना. आणि जें नांव जिभेवर आलें होतें तें पुस्तक तर आम्हीं अद्याप उघडलेंहि नव्हतें! क्षणभर तेंच सांगून टाकण्याचा मोह आम्हांस झाला, हें कबूल केलें पाहिजे. न वाचलेल्या पुस्तकाचें नांव सांगण्यांत जी प्रतिष्ठा आहे, ती वाचलेल्या पुस्तकाविषयीं बोलण्यांत नाहीं. कारण वाचलेल्या पुस्तकाविषयीं कोणीं दुसरा प्रश्न विचारल्यास त्याचें उत्तर द्यावें लागतें.

घरीं परत आल्यावर या प्रसंगाचा आम्हीं थोडा विचार केला. आमच्या मासिकांतून परीक्षणें येतात तीं बहुधा नव्या पुस्तकांचीं येतात, आणि तें योग्यच आहे. परंतु वाचक हा कांहीं केवळ नव्या पुस्तकांवर जगत नाहीं. त्याच्या मेजावर नेहमीं तीन ढीग असतात. एक नुकत्याच वाचून झालेल्या पुस्तकांचा, एक चालू असलेल्यांचा, आणि एक 'पुढें केव्हां तरी' वाचावयाच्या पुस्तकांचा. पहिल्या ढिगावरून त्याची अभिरुचि कळते, दुसऱ्यावरून त्याची चिकाटी कळते; आणि तिसऱ्यावरून, आमच्या मतें, त्याचा स्वभाव कळतो. तेव्हां आज दुसऱ्या कोणाचा ग्रंथ परीक्षणासाठीं न घेतां स्वतःच्याच मेजावरचीं तीन पुस्तकें आम्ही घेत आहों. वाचून झालें तें विष्णुभट गोडसे यांचें 'माझा प्रवास'. चाललें आहे तें लक्ष्मीबाई टिळक यांचें 'स्मृतिचित्रें'. आणि राहिलें आहे तें ताराबाई शिंदे यांचें 'स्त्री-पुरुष तुलना'. यांपैकीं एकहि पुस्तक नवें नाहीं, आणि तिन्ही एकत्र आलीं तीं केवळ योगायोगानें. पण एकत्र आल्यावर तीं एकमेकांशीं बोलूं लागलीं, आणि त्या बोलण्यांत शेवटीं आमचाच विषय निघाला.

'माझा प्रवास' आम्हीं पूर्वीं एकदां विद्यार्थिदशेंत वाचलें होतें. त्या वेळीं आम्हांस त्यांत झांशीची राणी दिसली, तोफा दिसल्या. बाकीचें सर्व आम्हीं अधीरपणें उलटून टाकलें. या खेपेस प्रथम दिसला तो कर्जाचा बोजा. पेणजवळच्या वरसई गांवचा हा तिशींतला भिक्षुक १८५७ सालीं उत्तरेकडे निघाला तो कांहीं इतिहास घडतांना पाहावयास नव्हे. घरावर ऋण झालें होतें. आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असून तेथें दक्षणा भरपूर मिळेल, अशी वार्ता कोंकणांत येऊन पोंचली होती. चुलत्याच्या सोबतीनें हा गृहस्थ बाहेर पडला. महूजवळ शिपायांच्याच तोंडून बंडाची बातमी कानावर आली, तरी दोघेहि मागें फिरले नाहींत. रिकाम्या हातीं घरीं जाणें त्यांस बंडापेक्षांहि अधिक भयंकर वाटलें असावें.

या पुस्तकाचें सारें सामर्थ्य या सामान्यपणांत आहे. १८५८ च्या मार्च-एप्रिलांत सर ह्यू रोझच्या फौजेनें झांशीस वेढा घातला आणि शहर घेतलें, त्या वेळीं गोडसे शहरांत होते. सेनापति जें सांगतो तें तटावरून किंवा तंबूंतून पाहिलेलें असतें. गोडसे सांगतात तें घराच्या आंतून, दार लावून, जीव मुठींत धरून पाहिलेलें आहे. कोठें लपलों, काय खाल्लें, पाणी कोठें मिळालें, बरोबरच्या पैशाचें काय झालें, हें सर्व ते ज्या स्वरांत सांगतात त्याच स्वरांत कत्तलहि सांगतात. झांशीच्या वाड्यांतील संस्कृत पोथ्यांचा मोठा संग्रह नष्ट झाला, तें वर्णन करतांना मात्र या वैदिक ब्राह्मणाचा कंठ किंचित् दाटून आल्यासारखा वाटतो. आणि वाचकाचाहि दाटतो. राणीचें त्यांना शेवटचें दर्शन घडतें तें काल्पीच्या वाटेवर, एका विहिरीपाशीं. राणी धुळीनें माखलेली, तहानेलेली; गोडसे पाणी काढून देऊं लागतात; आणि ती विद्वान् ब्राह्मणास तें करूं न देतां स्वतः पाणी काढून पिते. एखाद्या कादंबरीकाराच्या हातीं हा प्रसंग लागता तर त्यानें त्यावर चार पानें अश्रु ढाळले असते. गोडसे तो सांगतात आणि पुढच्या मुक्कामास निघतात. आमच्या मराठी गद्यांत एवढा संयम पुष्कळ नामांकित ग्रंथकारांसहि साधलेला नाहीं. आणि गोडसे तर ग्रंथकारहि नव्हते.

दोष नाहींत असें नव्हे. हकीकत घडल्यानंतर सुमारें पंचवीस वर्षांनीं लिहिलेली आहे. डोळ्यांनीं पाहिलेलें आणि बाजारांत ऐकलेलें यांच्यामध्यें गोडसे नेहमींच रेषा ओढीत नाहींत. ज्या गोष्टी त्यांच्यासमोर घडल्या नाहींत त्याहि ते समोर घडल्याप्रमाणें रंगवितात. इतिहासाचा साधन-ग्रंथ म्हणून हातीं घेणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. परंतु त्याहून महत्त्वाचा प्रश्न निराळाच आहे. तो म्हणजे आपण वाचतों तें पुस्तक गोडशांचें किती आणि दुसऱ्याचें किती? चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून गोडशांनीं हें लेखन केलें, आणि वैद्यांनीं तें लेखकाच्या मागें १९०७ सालीं छापलें. छापतांना त्यांनीं भाषा सारखी केली, मजकुरांत फेरफार केले. मूळ बाडाप्रमाणें पाठ महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केला. म्हणजे जवळ जवळ साठ वर्षें महाराष्ट्र जें वाचीत होता तें गोडशांचें बोलणें वैद्यांच्या मुखानें ऐकत होता.

वैद्यांस दोष देणें फार सोपें आहे. पण त्यांनीं आग्रह धरला नसता तर हें पुस्तक जन्मासच आलें नसतें. आणि बंडाच्या हकीकती छापणें १९०७ सालीं निर्धास्तपणाचें काम खास नव्हतें. तरीहि दोन्ही पाठ शेजारीं ठेवून वाचणारास आमचें म्हणणें पटेल कीं, जेथें जेथें भाषा सभ्य झाली आहे तेथें तेथें माणूस थोडा दूर गेला आहे. भिक्षुकाच्या अडाणी वळणांत जी भीति आहे, जो लोभ आहे, जी भूक आहे, ती शिष्ट वाक्यांत राहत नाहीं. अतएव ज्यांस हें पुस्तक वाचावयाचें असेल त्यांनीं पोतदारांचा पाठ वाचावा, अशी आमची स्पष्ट शिफारस आहे. हें मत आम्हीं मोठ्या आत्मविश्वासानें आमच्या टिपणवहींत लिहूनहि ठेवलें. त्या आत्मविश्वासाचें पुढें काय झालें तें आतां सांगावयाचें आहे.

आमच्या घरीं रात्रीं जेवणें आटोपल्यावर एखादें प्रकरण मोठ्यानें वाचण्याचा जुना प्रघात आहे. पूर्वीं पोथी वाचली जाई. आतां पुस्तक वाचलें जातें. वाचावयाचें आम्हीं, आणि ऐकावयास आत्याबाई, सूनबाई, आणि झोंप लागेपर्यंत मुलें. गेले तीन आठवडे 'स्मृतिचित्रें' चाललें आहे. १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाची स्तुति करावयास आम्हीं आतां नव्यानें कांहीं लिहावें असें उरलेलें नाहीं. परंतु तें मोठ्यानें वाचल्याखेरीज त्याची खरी परीक्षा होत नाहीं, असें आम्हांस आढळून आलें. डोळ्यांनीं वाचतांना लक्ष्मीबाईंचा विनोद लक्षांत येतो. कानांनीं ऐकतांना त्या विनोदाखालीं काय दडलें आहे तें कळतें.

पुस्तकाच्या आरंभींच लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोवळें येतें. १८५७ च्या धामधुमींत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांस फांशीं दिलें गेलें. आणि त्या धक्क्यानें जांवयाच्या मनानें जें घेतलें तें सोवळ्याओवळ्याचें वेड. बाजारांतून आलेला प्रत्येक जिन्नस धुवून घ्यावयाचा, मुलांनीं कोठें शिवावयाचें नाहीं, घरांतील बायकांनीं दिवसभर पाणी ओढावयाचें. हें प्रकरण वाचतांना प्रथम सर्व मंडळी खदखदून हंसली. मग आत्याबाई एकदम म्हणाल्या, "हंसूं नका रे. आमच्या आजोळीं असेंच होतें. धुणारी आमची आई होती." यानंतरचें पान आम्हांस जरा हळूच वाचावें लागलें.

गोडशांचें पुस्तक नुकतेंच वाचून संपविलें असल्यामुळें एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली, जी एरवीं आली नसती. एकाच बंडाचीं हीं दोन टोंकें आहेत. गोडसे वेढ्यांत सांपडले, आणि त्यांतून सुटून, मिळविलेलें लुटारूंच्या हातीं पुनःपुन्हां गमावून, अखेर घरीं आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आईबापांस त्या पाण्यानें स्नान घालण्यासाठीं. लक्ष्मीबाईंच्या घरीं रणांगण आलें नाहीं. पण एका फांशीच्या भीतीनें पाण्याचें असें रूप धारण केलें कीं, तें पुढें वर्षानुवर्षें बायकांच्या कमरेवरून वाहत राहिलें. इतिहासाच्या ग्रंथांत बंड १८५८ मध्यें मोडलें असें आपण वाचतों. माजघरांत तें केव्हां मोडलें याची नोंद लक्ष्मीबाईंनीं ठेवली आहे.

'स्मृतिचित्रें' म्हणजे एका कवीच्या सहनशील पत्नीच्या गंमतीदार आठवणी, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे ती आम्हांस अपुरी वाटते. आमच्या मतें हें सोवळें उतरवून ठेवण्याचें पुस्तक आहे. नारायण वामन टिळकांनीं १८९५ मध्यें ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतिपत्नींची चार-पांच वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या पतीकडे राहावयास आल्या त्याहि आपलें सोवळें संभाळून. आणि मग केव्हां तरी, कोणाच्याहि उपदेशानें नव्हे तर स्वतःच विचार करतां करतां, जातिभेद हा देवानें केलेला नाहीं या निर्णयास त्या आल्या आणि कोणाच्याहि हातचें अन्नपाणी घेण्याचा त्यांनीं निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतरचा. धर्मान्तर बरें कीं वाईट, हा वाद येथें अप्रस्तुत आहे; पुस्तक त्या वादासाठीं लिहिलेलें नाहीं, आणि तसें तें असतें तर आज कोणीं वाचलेंहि नसतें. मनुष्याचें मन इंचाइंचानें कसें बदलतें, याचें इतकें प्रामाणिक चित्र मराठींत दुर्मिळ आहे, एवढेंच आमचें म्हणणें.

यांतहि उणिवा आहेत. सनांची वाण आहे. एका आठवणींतून दुसरी निघते आणि पहिली वाऱ्यावर राहते. टिळकांच्या काव्याविषयीं जितकें ऐकावेंसें वाटतें तितकें ऐकावयास मिळत नाहीं. चौथा भाग तर लेखिका १९३६ मध्यें निवर्तल्यामुळें अपुराच राहिला, आणि तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांस पुरा करावा लागला. आम्हीं अद्याप तिसऱ्या भागांतच आहों. तेव्हां शेवटाविषयीं कांहीं बोलण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. पण जेथवर आलों आहों तेथवर लक्ष्मीबाईंचा तोल कोठेंहि गेलेला नाहीं. नवऱ्याचें औदार्य त्या सांगतात, त्या औदार्यापायीं घरांत काय उरत असे तेंहि सांगतात. त्याचें प्रेम सांगतात आणि त्याचा तापटपणाहि सांगतात. त्यांनीं त्याची पूजा बांधली नाहीं कीं त्याच्यावर फिर्याद मांडली नाहीं.

तो तापटपणाच आमच्या अडचणीचें कारण झाला. पहिल्या भागांत टिळकांच्या रागाचा एक प्रसंग आला तेव्हां मुलें जागीं होतीं, आत्याबाई समोर होत्या. आम्हीं वाचतां वाचतां दोन ओळी सोडून दिल्या. कोणास कळलें नाहीं असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहा देतांना सूनबाई हळूच म्हणाल्या, "मामंजी, काल दोन ओळी राहिल्या." त्यांनीं पुस्तक पूर्वींच वाचलेलें होतें.

वाचकहो, चार दिवसांपूर्वीं टिपणवहींत वैद्यांविरुद्ध निकाल देणारे ते आम्हीच! वैद्यांनीं छापतांना जें केलें तें आम्हीं वाचतांना केलें. त्यांना सरकारचें भय तरी होतें, आम्हांस कोणाचें होतें? लेखिकेनें जें लिहावयास भ्यालें पाहिजे होतें तें ती न भितां लिहून गेली, आणि इतक्या वर्षांनंतर तें उच्चारावयास आम्ही भ्यालों. संपादकाचा हात केवळ छापखान्यांत असतो असें नाहीं. वडीलधाऱ्या माणसाच्या गळ्यांतहि तो असतो, हें आम्हांस त्या दिवशीं कळलें.

आतां तिसरें पुस्तक. 'स्त्री-पुरुष तुलना' आम्हीं वाचलेलें नाहीं, म्हणून त्याचें परीक्षण करण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. त्याची बाहेरची हकीकत तेवढी सांगतों. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस बालहत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली, ती पुढें कमी करण्यांत आली. आणि त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून सर्व स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर ताशेरे झडूं लागले. त्यांस उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं हें लहानसें पुस्तक लिहिलें. तें १८८२ मध्यें पुण्यास छापलें, प्रती पांचशें. त्यावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनीं 'सत्सारां'त ताराबाईंची बाजू घेतली. आणि त्यानंतर पुस्तक व लेखिका दोन्ही लोकांच्या विस्मरणांत गेलीं. ताराबाईंचें दुसरें कोणतेंहि पुस्तक आपणांस उपलब्ध नाहीं. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुन्हां प्रसिद्ध केलें, तेव्हां महाराष्ट्राला तें जणूं पहिल्यांदांच मिळालें.

या सनांकडे वाचकांनीं जरा लक्ष द्यावें. ताराबाईंचें पुस्तक छापलें जात होतें त्याच सुमारास गोडसे आपल्या आठवणी लिहीत होते. आणि त्याच वेळीं नाशकाकडे चौदा वर्षांची एक विवाहित मुलगी सासरच्या घरांत वावरत होती, जिनें पुढें 'स्मृतिचित्रें' लिहिलें. तीन साक्षीदार एकाच काळाचे. एकाची साक्ष तो मरेपर्यंत बाहेर आली नाहीं, आणि आली ती दुरुस्त होऊन. दुसरीची तिच्या उतारवयांत आली, आणि मुलाच्या हातून पुरी झाली. तिसरीनें मात्र कोणाचीहि वाट पाहिली नाहीं. जें म्हणावयाचें तें तिथल्या तिथें, स्वतःच्या नांवानें छापून टाकलें. आणि तिलाच सर्वांत अधिक काळ, नव्वदांहून अधिक वर्षें, ऐकावयास कोणी मिळालें नाहीं. धीटपणाचें हें फळ पाहून आमच्या वाङ्मयाविषयीं आम्हांस जें वाटलें तें अभिमानाचें खास नव्हे.

पण वाङ्मयाच्या नांवानें बोटें मोडण्यापूर्वीं आम्हीं आमच्या तिसऱ्या ढिगाकडे पाहिलें पाहिजे. तेथें हें पुस्तक किती दिवस पडून आहे? निदान सहा वर्षें. आणि तें कांहीं ज्ञानकोशाचे खंड नव्हे, कीं वेळ नाहीं म्हणून राहिलें असें म्हणावें. एका संध्याकाळीं संपेल एवढें तें पातळ आहे. जाडजूड ग्रंथ राहिले तर त्यांत आळस असतो. पातळ पुस्तक राहिलें तर त्यांत भय असतें. वाचून झालेल्या पुस्तकांनीं आम्हांस शहाणें केलें असेल. राहिलेल्या पुस्तकानें मात्र आम्हांस ओळखलें. पुरुषांस उद्देशून लिहिलेलें तें पुस्तक, आत्याबाई आणि सूनबाई समोर बसल्या असतां, आमच्याच तोंडानें मोठ्यानें वाचण्याची वेळ येऊं नये, म्हणून आम्ही तें दर खेपेस खालीं सारीत आलों, ही खरी गोष्ट आहे.

अलीकडे वर्षाकांठीं किती पुस्तकें वाचलीं याचा आंकडा सांगण्याची पद्धत सुशिक्षितांत पडूं लागली आहे. आंकड्यास आमची हरकत नाहीं. पण तो पहिल्या ढिगाचा असतो. ज्यास स्वतःच्या वाचनाची खरी तपासणी करावयाची असेल त्यानें तिसऱ्या ढिगांतलीं पुस्तकें एकेक करून हातीं घ्यावीं, आणि प्रत्येक तेथें कां पडून आहे याचें उत्तर मनाशीं द्यावें. कांहीं पुस्तकें तेथें असतील तीं प्रतिष्ठेसाठीं घेतलेलीं. तीं खुशाल दुसऱ्यास देऊन टाकावीं. कांहीं खरोखरच सवडीची वाट पाहत असतील. त्यांची चिंता नको. पण एखादें असें निघेल कीं ज्याला आपण भितों. परीक्षणाची आवश्यकता खरी त्या पुस्तकास आहे; आणि तें परीक्षण पुस्तकानें आपलें करावयाचें असतें.

'स्मृतिचित्रें' संपावयास अजून दोन आठवडे लागतील. त्यानंतर कोणतें, हा प्रश्न परवांच आत्याबाईंनीं काढला. आम्हीं कपाटाकडे पाहिलें, आणि या वेळीं हात खालच्या पुस्तकास घातला. मात्र एक बदल ठरला आहे. तें आम्ही वाचणार नाहीं; एकदां दोन ओळी गिळलेल्या गळ्यावर आमचा आतां विश्वास नाहीं. वाचतील सूनबाई. आम्ही मुलांजवळ बसून ऐकणार.